प्रश्नकर्त्याची नीती : राम जेठमलानी यांच्या माध्यम-भाष्याची चिकित्सा (राजकीय नीतिमत्ता आणि क्रीडाविधी यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वकील हा मूलतः न्यायालयात बोलणारा माणूस आहे. त्याच्या बोलण्याला तेथे चौकट असते. समोर न्यायाधीश असतात, विरुद्ध बाजूचा वकील असतो, पुराव्याचे नियम असतात आणि प्रत्येक विधानाची नोंद होत असते. हाच वकील वृत्तपत्राच्या स्तंभातून अथवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून बोलू लागतो तेव्हा ही चौकट मागे राहते. परंतु न्यायालयाने त्याला दिलेली प्रतिष्ठा मात्र त्याच्यासोबत येते. वाचक त्याच्याकडे केवळ एक नागरिक म्हणून पाहत नाही, 'कायदा जाणणारा' म्हणून पाहतो. त्यामुळे वकिलाचे माध्यमांतील भाष्य हा एक स्वतंत्र लेखनप्रकार मानून त्याची चिकित्सा होणे आवश्यक आहे. मराठी समीक्षेने अग्रलेख, स्फुट, सदर या वृत्तपत्रीय प्रकारांचा विचार केला आहे. वकिली भाष्याकडे मात्र तिचे फारसे लक्ष गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात या प्रकारातील एका ठळक उदाहरणाचा, म्हणजे ज्येष्ठ विधिज्ञ राम जेठमलानी (१९२३-२०१९) यांच्या जाहीर भाष्याचा विचार केला आहे. ही निवड दोन कारणांनी केली. पहिले कारण असे की, राजकीय नीतिमत्ता आणि क्रीडासंस्थांचा कारभार हे दोन्ही विषय त्यांच्या कारकिर्दीत एकत्र आले. दुसरे कारण स्थानिक आहे. फाळणीनंतर निर्वासित म्हणून मुंबईत आलेल्या या वकिलाने १९७१ साली आपली पहिली लोकसभा निवडणूक उल्हासनगरातून लढविली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या अभ्यासकाला हा विषय दिल्लीचा म्हणून दूर सारता येत नाही.

लेखाचे मुख्य प्रतिपादन असे आहे : जेठमलानी यांनी उलटतपासणीचा प्रश्न न्यायालयाबाहेर आणून त्याला सार्वजनिक नीतीचे साधन बनविले, ही त्यांची खरी कामगिरी होय. परंतु प्रश्न विचारणारा कोणाच्या वतीने विचारतो आहे, हे वाचकाला कळण्याची व्यवस्था त्यांनी केली नाही. हितसंबंध उघड करण्याचे जे तत्त्व पुढे क्रिकेटच्या कारभाराला लागू झाले, तेच तत्त्व या भाष्यालाही लावून पाहिले पाहिजे.

भूमिकेची जडणघडण

जेठमलानी यांचा जन्म सिंध प्रांतातील शिकारपूरचा. वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी त्यांनी कायद्याची पदवी घेतली. फाळणीनंतर ते मुंबईत आले, तेव्हा सिंधी निर्वासितांचा मोठा लोंढा कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये येऊन थांबला होता. याच छावण्यांच्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. निर्वासितांविषयी मुंबई सरकारने केलेला कायदा अपमानास्पद आणि घटनाबाह्य आहे, अशी भूमिका घेऊन जेठमलानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ते यशस्वी झाले. त्यांच्या मुंबईतील वकिलीच्या प्रारंभीच्या लढ्यांपैकी हा एक. येथे वकील आणि पीडित समूह यांच्यात अंतर नव्हते. ज्यांच्या वतीने तो बोलत होता त्यांच्यापैकीच तो एक होता.

१९५९ च्या नानावटी खटल्यात मृताच्या बहिणीच्या वतीने त्यांनी सरकार पक्षाला साहाय्य केले. या खटल्यात आरोपीच्या बाजूने 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने मोठी मोहीम चालविली होती. ज्यूरीने ८ विरुद्ध १ अशा मताने आरोपीला निर्दोष ठरविले. तो निर्णय उच्च न्यायालयात टिकला नाही आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेची शिक्षा कायम केली. वृत्तपत्र न्यायालयावर कसे दडपण आणू शकते, याचा हा जवळून घडलेला अनुभव होता, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवले पाहिजे.

आणीबाणीच्या काळात ते भारतीय विधिज्ञ परिषदेचे अध्यक्ष होते. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर केलेल्या कठोर टीकेमुळे केरळमधून त्यांच्याविरुद्ध अटकेचे वॉरंट निघाले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला यांच्यासह तीनशेहून अधिक वकील उभे राहिले. पुढे ते कॅनडात गेले आणि १९७७ साली मुंबई वायव्य मतदारसंघातून तत्कालीन कायदामंत्री ह. रा. गोखले यांचा पराभव करून लोकसभेत पोहोचले. १९८० मध्येही ते निवडून आले. अशा रीतीने नागरिक, वकील आणि राजकारणी या तीन भूमिका त्यांच्या ठायी एकत्र झाल्या. त्यांच्या भाष्याचे बळ आणि त्यातील दोष या दोहोंचा उगम या एकत्रीकरणात आहे.

रोजचे दहा प्रश्न

१९८६ च्या मार्च महिन्यात भारत सरकारने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफांचा सुमारे १४३७ कोटी रुपयांचा करार केला. १६ एप्रिल १९८७ रोजी स्वीडिश नभोवाणीने या व्यवहारात लाच दिली गेल्याचे वृत्त दिले. त्याच वर्षी जेठमलानी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मधून पंतप्रधान राजीव गांधी यांना दररोज दहा प्रश्न विचारण्याचा उपक्रम केला. भारतीय राजकीय पत्रकारितेच्या इतिहासात हा उपक्रम अपवादात्मक ठरला.

लेखनप्रकार म्हणून त्याची वैशिष्ट्ये पाहण्यासारखी आहेत. अग्रलेख मत मांडतो. वाचकाने ते मान्य करावे अशी त्याची अपेक्षा असते. प्रश्न मत मांडत नाही, तो जबाबदारी निश्चित करतो. उत्तर देण्याचे ओझे समोरच्यावर टाकून प्रश्नकर्ता बाजूला होतो. शिवाय प्रश्न रोज येत असल्याने कालच्या मौनाची नोंद आजच्या प्रश्नात आपोआप होते. लेखकाला निष्कर्ष काढावा लागत नाही. तो वाचकाच्या मनात तयार होत जातो. उलटतपासणीचे तंत्र नेमके हेच आहे. कुशल वकील साक्षीदाराकडून कबुली मिळेलच असे गृहीत धरत नाही. साक्षीदार कोठे अडखळतो हे न्यायाधीशांना दिसावे, एवढीच त्याची इच्छा असते.

या तंत्रावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. न्यायालयात उलटतपासणीला मर्यादा असतात. सबळ आधाराशिवाय साक्षीदाराच्या चारित्र्यावर घाला घालणारा प्रश्न विचारता येत नाही. अप्रस्तुत प्रश्न न्यायाधीश नाकारू शकतात. साक्षीदाराच्या वकिलाला फेरतपासणीचा अधिकार असतो. वृत्तपत्रात यांपैकी काहीच नसते. तेथे उत्तर न देणे म्हणजे दोष मान्य करणे, असे समीकरण सहज तयार होते. ज्या वकिलाने आरोपीच्या मौनाच्या अधिकारासाठी आयुष्यभर युक्तिवाद केला, त्यानेच वृत्तपत्रातून मौनाला दोषाचा पुरावा बनवावे, यात विसंगती नाही काय?

हा आक्षेप प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो. परंतु तो पूर्णपणे टिकत नाही. आरोपीला मौनाचा जो अधिकार आहे तो राज्यसत्तेच्या बळापासून व्यक्तीचे रक्षण करण्यासाठी आहे. पंतप्रधान हे स्वतःच राज्यसत्तेचे मुख आहेत. घटनेच्या अनुच्छेद ७५ (३) अन्वये मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, आणि जबाबदारी या शब्दाचा पहिला अर्थच उत्तर देणे असा आहे. त्यामुळे फौजदारी दोष आणि राजकीय उत्तरदायित्व या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. ४ फेब्रुवारी २००४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने राजीव गांधी यांच्याविरुद्धचे लाचखोरीचे आरोप त्यांच्या मृत्यूनंतर रद्द ठरविले. या निकालाने फौजदारी दोषाचा प्रश्न मिटला. १९८७ साली संसदेला आणि जनतेला पुरेशी माहिती का दिली गेली नाही, हा प्रश्न मात्र त्याने मिटत नाही. दहा प्रश्नांचे समर्थन करायचे तर ते या दुसऱ्या कसोटीवर करावे लागते. ते प्रश्न कोणाला दोषी ठरविण्यासाठी उपयोगी होते म्हणून नव्हे, तर उत्तर देणे हे सत्ताधाऱ्याचे कर्तव्य आहे याची आठवण त्यांनी रोज करून दिली म्हणून ते मोलाचे ठरतात.

एक गोष्ट मात्र येथेच नोंदविली पाहिजे. प्रश्न विचारणारा हा तटस्थ विधिज्ञ नव्हता. काँग्रेसविरोधी राजकारणातील तो एक प्रमुख नेता होता. वाचकांना हे ठाऊक होते, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. १९८७ च्या उपक्रमाची नैतिक बाजू शाबूत राहते ती यामुळेच.

अशिलाच्या आवाजात बोलणे

यानंतर सहा वर्षांनी चित्र पालटले. १६ जून १९९३ रोजी मुंबईत एक पत्रकार परिषद झाली. रोखे घोटाळ्यातील प्रमुख आरोपी हर्षद मेहता यांनी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांना एक कोटी रुपये दिल्याचा आरोप तेथे केला आणि एवढी रक्कम सूटकेसमध्ये कशी मावते याचीही चर्चा झाली. मेहता यांचे वकील म्हणून जेठमलानी त्यांच्यासोबत होते. हा आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही.

वरकरणी १९८७ आणि १९९३ या दोन घटनांत साम्य आहे. दोन्ही वेळी लक्ष्य पंतप्रधान, विषय आर्थिक गैरव्यवहार, व्यासपीठ वृत्तपत्रांचे आणि वकील तोच. परंतु नीतीच्या दृष्टीने त्यांत महत्त्वाचा फरक आहे. १९८७ साली जेठमलानी आपल्या राजकीय भूमिकेतून बोलत होते. १९९३ साली ते एका आरोपीच्या बचावाचा भाग म्हणून उपस्थित होते. आरोपीच्या हिताचे रक्षण निर्भयपणे करणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे. विधिज्ञ परिषदेचे व्यावसायिक वर्तनाचे नियम तसे स्पष्टपणे सांगतात. पण जनतेने त्या पत्रकार परिषदेला जो विश्वास दिला तो काही अंशी १९८७ च्या प्रश्नकर्त्याला दिलेला विश्वास होता. नागरिक म्हणून मिळविलेली पत अशिलाच्या कामी खर्च झाली. या व्यवहारात बेकायदेशीर असे काही नव्हते, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा करणे अधिक गरजेचे आहे.

या संदर्भात भारतीय विधिज्ञ परिषदेचा ३६ वा नियम आठवतो. वकिलाने स्वतःची जाहिरात करू नये, असे सांगताना हा नियम आपण चालवीत असलेल्या खटल्यासंबंधी वृत्तपत्रांत मजकूर पुरविण्यास अथवा छापवून आणण्यास मनाई करतो. नियमाचा रोख जाहिरातीवर आहे; पण त्यामागे एक खोल जाणीव आहे. चालू खटल्याचा वकील वृत्तपत्रात बोलतो तेव्हा तो भाष्यकार राहत नाही, पक्षकाराचा विस्तार होतो. ज्या परिषदेचे जेठमलानी एकेकाळी अध्यक्ष होते, तिच्याच नियमांच्या प्रकाशात त्यांचे हे वर्तन तपासणे अन्यायाचे होणार नाही.

क्रिकेट संघटना आणि एक शब्द

क्रीडाविधीचा प्रश्न जेठमलानी यांच्या कारकिर्दीत अखेरच्या टप्प्यावर आला. १५ डिसेंबर २०१५ रोजी दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांच्या प्रधान सचिवांच्या कार्यालयावर केंद्रीय अन्वेषण विभागाने छापा घातला. त्यानंतर अरविंद केजरीवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांच्यावर दिल्ली जिल्हा क्रिकेट संघटनेच्या कारभाराबाबत आरोप केले. जेटली १९९९ ते २०१३ या काळात त्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी आरोप फेटाळले आणि दिल्ली उच्च न्यायालयात १० कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला. केजरीवाल यांचे वकीलपत्र जेठमलानी यांनी घेतले.

वस्तुतः या खटल्यात सार्वजनिक महत्त्वाचा मोठा प्रश्न दडलेला होता. एखादा राजकीय नेता दीर्घकाळ क्रीडासंघटनेचा अध्यक्ष असेल, तर तेथील बांधकामाच्या कंत्राटांची, हिशेबांची आणि संघनिवडीची जबाबदारी त्याच्यावर किती येते? मानद पद हे उत्तरदायित्वातून सुटका देते काय? त्याच्याच पक्षाचे खासदार आणि माजी कसोटीपटू कीर्ती आझाद हेही या संघटनेच्या कारभारावर दीर्घकाळ टीका करीत होते. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांना पक्षातून निलंबित करण्यात आले. म्हणजे प्रश्न केवळ दोन पक्षांच्या भांडणाचा नव्हता.

परंतु हा प्रश्न जनतेपर्यंत पोहोचला नाही. १७ मे २०१७ रोजी उलटतपासणीच्या वेळी जेठमलानी यांनी जेटलींना उद्देशून 'क्रूक', म्हणजे लुच्चा, असा शब्द वापरला. हा शब्द अशिलाच्या सूचनेवरून वापरला काय, असे जेटलींनी विचारले असता त्यांनी होकार दिला. जेटलींनी आणखी १० कोटींचा दावा केला. केजरीवाल यांनी अशी सूचना दिल्याचे नाकारले आणि जुलै २०१७ मध्ये जेठमलानी खटल्यातून बाहेर पडले. एप्रिल २०१८ मध्ये केजरीवाल यांनी माफी मागितली आणि दावा मिटला. त्याआधी वकिलाच्या तीन कोटींहून अधिक रकमेच्या बिलाचा वाद गाजला होता. ते शासकीय तिजोरीतून द्यावे काय, यावर महिनाभर चर्चा चालली. क्रिकेट संघटनेच्या कारभाराविषयीचे प्रश्न मात्र या साऱ्या गदारोळात अनुत्तरित राहिले.

येथे १९८७ च्या प्रश्नांशी तुलना अपरिहार्य आहे. तेव्हा प्रश्नांची संख्या मोठी होती, विशेषणे दुय्यम होती. २०१७ मध्ये एक विशेषण इतके मोठे झाले की त्याने सर्व प्रश्न झाकून टाकले. प्रश्न समोरच्याला उत्तर देण्यास बांधतो. विशेषण त्याला उत्तरातून मोकळे करते. अपमानित झालेला साक्षीदार आपल्या अपमानाविषयी बोलू लागतो आणि त्यात त्याचा नैतिक विजय होतो. जेठमलानी यांच्यासारख्या उलटतपासणीच्या श्रेष्ठ जाणकाराच्या हातून हे घडावे, ही त्यांच्या पद्धतीची शोकांतिका होय.

आणखी एक बाजू आहे. जुलै २००० मध्ये सरन्यायाधीश आणि महान्यायवादी यांच्याशी झालेल्या मतभेदांनंतर जेठमलानी यांना केंद्रीय कायदामंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला होता. त्यांच्या जागी आले ते अरुण जेटली. २०१३ मध्ये ज्या पक्षातून त्यांना काढण्यात आले, त्या पक्षाचे जेटली हे प्रमुख नेते होते. या पूर्वेतिहासामुळे उलटतपासणीत वैयक्तिक रोष उतरला, असा निष्कर्ष काढण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु वाचकाला तशी शंका येण्यास जागा होती, आणि हितसंबंधांच्या तत्त्वानुसार वाजवी शंकेला जागा असणे हाच विचारात घेण्याचा मुद्दा असतो. विधिज्ञ परिषदेचा १४ वा नियम वकिलाने पक्षकारांशी असलेले आपले संबंध अशिलाला प्रारंभीच उघड करावेत असे सांगतो. अशिलाला जे कळले पाहिजे, ते भाष्य ऐकणाऱ्या जनतेला कळू नये, हे कोणत्या न्यायाने?

ब्याऐंशी प्रश्न : एक वेगळा नमुना

क्रिकेटच्या कारभारात खरा बदल घडविणारे प्रश्न वेगळ्या ठिकाणी विचारले गेले. २००८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने आपल्या ६.२.४ या नियमात दुरुस्ती करून पदाधिकाऱ्यांना इंडियन प्रीमियर लीगमध्ये व्यापारी हितसंबंध ठेवण्याची मुभा दिली. मंडळाचे पदाधिकारी एन. श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्स कंपनीकडे चेन्नई संघाची मालकी होती. २०१३ च्या सट्टेबाजी प्रकरणानंतर मंडळाने नेमलेली चौकशी समिती मुंबई उच्च न्यायालयाने ३० जुलै २०१३ रोजी अवैध ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ जानेवारी २०१५ रोजी न्या. टी. एस. ठाकूर आणि न्या. एफ. एम. आय. कलीफुल्ला यांनी तो नियम रद्द केला. मंडळ घटनेच्या अनुच्छेद १२ च्या अर्थाने 'राज्य' नाही, हे २००५ च्या झी टेलिफिल्म्स निकालात ३ विरुद्ध २ मतांनी ठरले होते. तरी ते सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते आणि म्हणून उच्च न्यायालयाच्या अनुच्छेद २२६ खालील अधिकाराला पात्र आहे, ही भूमिका २०१५ च्या निकालात ठाम झाली.

त्यानंतर न्या. रा. म. लोढा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मंडळाला एक प्रश्नावली पाठविली. तिच्यात ८२ प्रश्न होते. निवडणुका कशा होतात, हिशेब कोण तपासतो, पदाधिकाऱ्यांचे हितसंबंध कसे नोंदविले जातात, असे त्यांचे स्वरूप होते. येथे प्रश्नकर्त्याला कोणी अशील नव्हते, उत्तर देणे बंधनकारक होते आणि प्रश्नांत विशेषणे नव्हती. ४ जानेवारी २०१६ रोजी समितीने अहवाल दिला आणि १८ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने त्यातील बहुतेक शिफारशी स्वीकारल्या. मंत्र्यांना पदाधिकारी होण्यास मनाई, सत्तर वर्षांची वयोमर्यादा, दोन कार्यकाळांमध्ये सक्तीची विश्रांती आणि प्रत्येक राज्याला एकच मत या त्यांतील प्रमुख होत. महाराष्ट्राच्या दृष्टीने शेवटची शिफारस विशेष महत्त्वाची होती, कारण या एका राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटनांना पूर्ण मताचा अधिकार होता. ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालाने तो त्यांना परत मिळाला. १४ सप्टेंबर २०२२ रोजी विश्रांतीची अटही शिथिल झाली.

म्हणजे हा नमुनाही पूर्ण यशस्वी झाला असे म्हणता येत नाही. तरी त्याच्या अपयशाचे स्वरूप वेगळे आहे. ८२ प्रश्नांतून आलेली सुधारणा कोठे, केव्हा आणि कोणत्या निकालाने सौम्य झाली, हे आपल्याला तारखेनिशी सांगता येते. दिल्ली क्रिकेट संघटनेच्या खटल्यातील प्रश्नांचे काय झाले, ते तसे सांगता येत नाही. ते एका माफीपत्राखाली गाडले गेले.

संभाव्य आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप येईल की, वकिलाकडून तटस्थतेची अपेक्षा करणे हाच मुळी भ्रम आहे. लोकांना नकोशा आरोपीचीही बाजू कोणीतरी मांडलीच पाहिजे. इंदिरा गांधी यांच्या हत्येच्या खटल्यात जेठमलानी यांनी आरोपींची बाजू मांडली तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. परंतु १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींपैकी बलबीरसिंग यांना निर्दोष सोडले. वकील लोकमताला घाबरला असता तर एका निर्दोष माणसाला फाशी झाली असती. हा युक्तिवाद पूर्णपणे मान्य आहे. किंबहुना जेठमलानी यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक आदरणीय भाग हाच आहे.

परंतु हे स्वातंत्र्य न्यायालयातील वकिलाचे आहे. तेथे तो कोणाच्या वतीने उभा आहे हे वकीलपत्रावर लिहिलेले असते. माध्यमांतील भाष्याला वकीलपत्र नसते. आपली मागणी तटस्थतेची नाही, प्रकटीकरणाची आहे. ४ जुलै २०११ रोजी परदेशातील काळ्या पैशासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला, त्या खटल्यात जेठमलानी स्वतः याचिकाकर्ते होते. खटल्याच्या शीर्षकातच त्यांचे नाव होते. तेथे त्यांच्या जाहीर वक्तव्यांविषयी कोणाला संभ्रम पडण्याचे कारण नव्हते. स्वतःच्या नावाने उभा राहिलेला वकील कितीही पक्षपाती असला तरी प्रामाणिक असतो.

मराठी माध्यमांसाठी याचा अर्थ

हा विचार दिवंगत विधिज्ञाच्या मूल्यमापनापुरता मर्यादित नाही. जून २०२२ नंतर महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या काळात मराठी वृत्तवाहिन्यांवर आणि दैनिकांत दहाव्या अनुसूचीवरील भाष्याचा पूर आला. पक्षांतर, प्रतोद, अध्यक्षांचे अधिकार हे शब्द बदलापूर-कल्याणच्या लोकलमध्ये बोलले जाऊ लागले. लोकशिक्षणाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. मात्र ११ मे २०२३ रोजी घटनापीठाचा निकाल आला, तेव्हा अनेक श्रोत्यांना धक्का बसला. कारण राज्यपालांचे वर्तन चुकीचे ठरवूनही राजीनामा दिलेल्या मुख्यमंत्र्यांना न्यायालय परत आणू शकत नाही, ही शक्यता त्यांच्यापुढे पुरेशा स्पष्टपणे आलीच नव्हती. निकाल 'काय लागेल' याची भाकिते विपुल झाली. निकाल 'काय लागू शकत नाही' हे सांगणारे थोडे होते.

क्रीडाक्षेत्रातही स्थिती वेगळी नाही. मुंबई क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदासाठी २००१ साली शरद पवार यांनी अजित वाडेकर यांचा, तर २०११ साली विलासराव देशमुख यांनी दिलीप वेंगसरकर यांचा पराभव केला. खेळाडू आणि राजकारणी यांच्यातील या लढती मराठी वृत्तपत्रांनी रंगवून सांगितल्या; संघटनेची घटना, मतदार क्लबांची यादी आणि हिशेब यांवर मात्र तेवढे लिहिले गेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम संमत झाला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. माहितीच्या अधिकाराची कक्षा मात्र शासकीय निधी घेणाऱ्या संस्थांपुरती राखलेली आहे. शासनाकडून निधी न घेणारे क्रिकेट मंडळ त्यामुळे बाहेर राहते काय, यावर वकील बोलतील आणि बोलावेही. अंबरनाथ-बदलापूरच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलाच्या निवडीशी या तांत्रिक वाटणाऱ्या कलमाचा थेट संबंध आहे. म्हणूनच ते कलम कोणाच्या बाजूने समजावून सांगितले जात आहे, हे त्या मुलाच्या पालकांना कळले पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. वकिलाच्या माध्यम-भाष्याचे सर्वांत प्रभावी रूप म्हणजे प्रश्न. सत्ताधाऱ्याला उत्तरदायी ठरविण्याचे ते वैध साधन आहे, कारण राजकीय उत्तरदायित्वाची कसोटी फौजदारी दोषापेक्षा वेगळी असते.

२. प्रश्नाची जागा विशेषणाने घेतली की भाष्याचे बळ नाहीसे होते. १९८७ आणि २०१७ यांतील अंतर हे प्रामुख्याने या स्थित्यंतराचे अंतर आहे.

३. नागरिक म्हणून मिळविलेली विश्वासार्हता अशिलाच्या हितासाठी वापरली जाते तेव्हा कायद्याचा भंग होतोच असे नाही. वाचकाच्या विश्वासाचा मात्र भंग होतो.

४. हितसंबंध उघड करण्याचे जे तत्त्व २०१५ साली क्रिकेट मंडळाला लागू झाले, ते क्रीडासंस्था व राजकारण यांवर भाष्य करणाऱ्या वकिलालाही नैतिकदृष्ट्या लागू आहे. संपादकांनी अशा लेखाखाली आणि वृत्तवाहिन्यांनी अशा चर्चेच्या वेळी, संबंधित प्रकरणात भाष्यकाराचे वकीलपत्र अथवा पक्षसंबंध आहे किंवा नाही, हे एका ओळीत नोंदविण्याचा प्रघात पाडावा.

जेठमलानी यांचे मोठेपण या चिकित्सेने उणे होत नाही. छावणीतील निर्वासितांसाठी न्यायालयात उभा राहिलेला तरुण वकील आणि पंतप्रधानांना रोज दहा प्रश्न विचारणारा ज्येष्ठ विधिज्ञ यांचे ऋण आपल्या सार्वजनिक जीवनावर आहेच. मात्र त्यांनी इतरांना जो प्रश्न विचारण्याची सवय लावली, तोच प्रश्न प्रत्येक भाष्यकाराला विचारण्याची सवय वाचकाने लावून घेणे, हे त्या ऋणातून उतराई होण्याचे योग्य साधन होय : आपण कोणाच्या वतीने बोलत आहात?